माँटगोमेरीचा एक रस्ता

श्रोतेहो, ऐतिहासिक वास्तु पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा तीन प्रश्न विचारतो : ही कोणीं बांधली, केव्हां बांधली आणि येथें काय घडलें? प्रश्न योग्यच आहेत. परंतु चौथा विचारल्यावांचून त्याचें पाहणें पुरें होत नाहीं. येथें जें घडलें त्यापैकीं कशाची खूण राखली गेली, आणि ती कोणीं राखली? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अलाबामा संस्थानाची राजधानी माँटगोमेरी ही या चौथ्या प्रश्नाचा पाठ घेण्यास फार सोयीची आहे. कारण तिच्या इतिहासाचा मोठा भाग डेक्स्टर ॲव्हेन्यू या एकाच रस्त्यावर मांडलेला आहे.

हा रस्ता पायथ्यापासून माथ्याकडे पायीं चढावा. पायथ्याशीं कोर्ट स्क्वेअर हा चौक आहे. चौकाच्या मध्यभागीं १८८५ सालचें एक सुंदर कारंजें असून त्याच्या शिखरावर ग्रीक पुराणांतील हीबी देवतेची मूर्ति आहे. रस्त्याचें जुनें नांव मार्केट स्ट्रीट, म्हणजे बाजाररस्ता. यादवी युद्धापूर्वीं या चौकांत जमिनी व गुरें यांच्याबरोबर माणसेंही लिलावानें विकलीं जात. याच चौकांतील थांब्यावर १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाई बसमध्यें चढल्या. गोऱ्या उतारूसाठीं जागा सोडण्याचा हुकूम त्यांनीं मानला नाहीं, म्हणून त्यांना अटक झाली. त्या अटकेच्या जागीं २००० सालापासून त्यांच्या नांवाचें संग्रहालय आहे.

चढ चढून माथ्याजवळ आलें कीं लाल विटांचें एक बेताचें प्रार्थनामंदिर लागतें. दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मंडळीनें तें १८८९ सालीं पुरें केलें. १९५४ सालीं येथें पंचवीस वर्षांचे एक तरुण धर्मोपदेशक आले. त्यांचें नांव मार्टिन ल्यूथर किंग. पार्क्सबाईंच्या अटकेच्या दुसऱ्याच दिवशीं याच मंदिराच्या तळमजल्यावर पुढाऱ्यांची बैठक भरली. त्यानंतर सुरू झालेला बसगाड्यांवरील बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक मैलोगणती पायीं गेले, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बसमधील वर्णभेद बेकायदा ठरला. मंदिरापासून कांहीं अंतरावर किंग यांचें राहतें घर आहे. त्यावर ३० जानेवारी १९५६ रोजीं बाँब टाकण्यांत आला. त्यांच्या पत्नी व तान्ही मुलगी सुदैवानें वांचल्या. ३० जानेवारी ही तारीख आपणां भारतीयांस एका निराळ्या दुःखानें ठाऊक आहे. ज्या महात्म्याच्या मार्गानें तो लढा चालला, त्याच्या देशाचें दर्शन घेण्यास किंग १९५९ सालीं आले, तेव्हां मुंबईंत ते मणिभवनांतच उतरले होते.

आतां माथ्यावरील राजभवन. टेकडीला अजूनही 'बकऱ्यांची टेकडी' म्हणतात. पहिली इमारत १८४९ सालीं जळाली. सध्यांची, पांढऱ्या घुमटाची, १८५१ सालची आहे. आंत दोन वर्तुळाकार जिने खालून आधार नसल्यासारखे वर चढत जातात. होरेस किंग नांवाच्या कारागिराचें तें काम मानलें जातें. हा गृहस्थ एके काळीं स्वतः गुलाम होता. दर्शनी खांबांमध्यें जमिनींत पितळेचा एक तारा बसविलेला आहे. गुलामगिरी राखण्यासाठीं फुटून निघालेल्या दक्षिणेकडील संस्थानांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनीं १८ फेब्रुवारी १८६१ रोजीं जेथें उभें राहून शपथ घेतली, ती ही जागा. तारा बसविला गेला १८९७ सालीं. पुढें २५ मार्च १९६५ रोजीं मतदानाच्या हक्कासाठीं सेल्माहून चालत आलेला सुमारें पंचवीस हजारांचा जनसमुदाय याच राजभवनाच्या पायऱ्यांशीं येऊन थांबला. वर तारा, खालीं जनसमुदाय, आणि मध्यें थोड्याशा पायऱ्या!

शपथेची खूण छत्तीस वर्षांत उमटली. लिलावांत विकल्या गेलेल्यांची खूण उमटण्यास पिढ्या लागल्या. गुलामांच्या व्यापाराची माहिती देणारे नवे फलक गांवाच्या मध्यभागीं २०१३ सालीं उभे राहिले. १८७७ ते १९५० या काळांत झुंडींनीं ठार मारलेल्या चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांचें स्मारक २०१८ सालीं खुलें झालें. त्यांत आठशेंहून अधिक पोलादी स्तंभ आहेत. आपण चालत जातों तसतशी पायांखालची जमीन खालीं उतरत जाते, आणि प्रथम डोळ्यांसमोर असलेले स्तंभ अखेर डोक्यावर लोंबकळूं लागतात.

म्हणून श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणास तेथें जाण्याचा योग आला, तर केवळ घुमट पाहून परतूं नये, आणि केवळ मंदिर पाहूनही परतूं नये. तारा पाहावा, चौक पाहावा, आणि त्या दोहोंमधील रस्ता पायीं चालावा. दगड खोटें बोलत नाहींत हें खरें. परंतु ज्याला दगड बसविण्याची ऐपत होती, त्याचेंच ते आधीं बोलतात. ज्यांना ती ऐपत नव्हती त्यांचा आवाज ऐकण्यासाठीं आणखी थोडें चालावें लागतें.