एकट्याचा धंदा का बुडतो?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुष्कळांना पुन्हा काम मिळालेच नाही. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वडापावची. पुढे युनियनच्या कामात आम्ही त्यांच्या घरी बसलो, तेव्हा धंदा बुडाल्याची कारणे बहुधा तीच ऐकली. गल्ला आणि घरखर्च एकाच डब्यात. ओळखीच्याला उधारी नाकारवत नाही. स्वतःची मजुरी भावात धरलेली नाही. माणूस आजारी पडला की गाडी बंद, सावकाराचे व्याज मात्र चालू. यात आळस कोठे आला?

संपाच्या सात वर्षे आधी, १९७५ साली, याच गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. एकेकीला न मिळणारे बँकेचे कर्ज गटाच्या जोरावर मिळू लागले. सावकाराचा पाश सैल झाला.

उदाहरण डोळ्यांसमोर होते. आम्ही कामगाराला संप शिकविला, धंद्याचा हिशेब शिकविला नाही. डबे दोन ठेवावेत, मजुरी आधी धरावी आणि कर्जाला एकट्याने जाऊ नये, एवढे सांगणे हेही संघटनेचेच काम होय.