दिवाळीच्या सुट्टीतील युरोप: ऊन आणि दिनमान

दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब युरोपला जाणाऱ्यांचे लक्ष बहुधा थंडीकडे असते. सहलीचे वेळापत्रक मात्र थंडीपेक्षा दिनमानावर, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळावर, अधिक अवलंबून राहते. सुमारे ४९ उत्तर अक्षांशावरील पॅरिसमध्ये ऑक्टोबरअखेर दिवस जेमतेम १० तासांचा उरतो आणि रोज ३ मिनिटांहून अधिक आखडतो, तर मुंबईत तो तेव्हा साडेअकरा तासांच्या आसपास असतो. त्यातच ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपीय संघातील घड्याळे एक तास मागे घेतली जातात. परिणामी शनिवारी साडेसहाच्या पुढेमागे मावळणारा सूर्य पॅरिसमध्ये दुसऱ्याच दिवशी साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि उशिरा जेवून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला बागा व नदीकाठ अंधारातच पाहावे लागतात. म्हणून उघड्यावरची स्थळे सकाळी आणि संग्रहालये दुपारनंतर ठेवणे श्रेयस्कर. स्वित्झर्लंडच्या सखल भागात या दिवसांत तापमानाच्या विपरीततेमुळे, म्हणजे खाली साचलेल्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसल्यामुळे, दाट धुके राहते. अशा वेळी शिखरांवर लख्ख ऊन असू शकते, परंतु अनेक रोपवे याच सुमारास देखभालीसाठी बंद ठेवले जात असल्याने त्यांच्या तारखा तिकिटे काढण्यापूर्वीच पाहणे आवश्यक ठरते.