खोदकाम छातीएवढे, धोका जिवावरचा

कारखान्याच्या आवारात नवी जलवाहिनी टाकायची असो, यंत्राचा पाया घ्यायचा असो किंवा सांडपाण्याची फुटलेली नळी बदलायची असो, सुरुवात खोदाईनेच होते. बॉयलर किंवा उच्चदाबाच्या वीजजोडणीबाबत कमालीची दक्षता बाळगणारे व्यवस्थापन चर खणण्याचे काम मात्र किरकोळ समजून एखाद्या छोट्या कंत्राटदाराकडे सोपविते. मुकादम चार-पाच मजूर आणतो, जेसीबी तासाभरात चर काढून निघून जातो आणि मजूर सरळ उभ्या कापलेल्या मातीच्या दोन भिंतींमध्ये उतरतात. अपघात घडतो तो बहुधा याच वेळी.

मातीच्या वजनाचा अंदाज सहसा कोणाला नसतो. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते, ओली असल्यास त्याहूनही अधिक. म्हणजे दोन छोट्या मोटारींचे ओझे. कड ढासळते तेव्हा ते एका क्षणात अंगावर येते, पळण्यास अवधी मिळत नाही. डोके बाहेर राहिले तरी माणूस वाचेलच असे नाही. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या व्यक्तीने श्वास सोडला की आकसलेल्या छातीभोवती माती घट्ट बसते आणि पुढचा श्वास घेता येत नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमावलीत यासाठी दीड मीटरची मर्यादा घातलेली आहे. चराची खोली दीड मीटर किंवा अधिक असल्यास बाजूंना पायऱ्यांप्रमाणे टप्पे पाडून उतार द्यावा, अथवा फळ्या व टेकू लावून त्या घट्ट धराव्यात, असे ही नियमावली सांगते. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या छाती-खांद्यापर्यंतची उंची. पण चरातला माणूस उभा नसतो. तो नळी जोडण्यासाठी वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो आणि त्याचे डोके कडेच्या बरेच खाली असते. त्यामुळे सैल मातीत याहून उथळ चरही सुरक्षित मानू नये.

औद्योगिक वसाहतीत माती सैल असण्याची शक्यता अधिक. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मधील. जुन्या वसाहतींतील जमीन तेव्हापासून कितीदा तरी खणली आणि बुजविली गेली आहे. वरून टणक मुरूम दिसतो, पण एका फुटाखाली भराव, राडारोडा किंवा जुन्या चराची माती निघते. अशा मातीला स्वतःची पकड नसते. काळ्या मातीचा प्रकार निराळा. उन्हात ती भेगाळते, पावसात फुगते. कोरडी असताना कातळासारखी उभी राहिलेली कड एका सरीनंतर सुटू शकते. म्हणूनच काल सुरक्षित वाटलेला चर आज पुन्हा तपासल्याखेरीज त्यात कोणीही उतरता कामा नये.

उपसलेली माती कडेलाच टाकण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. वाचलेले श्रम असे महागात पडतात. नियमानुसार हा ढीग कडेपासून किमान दीड मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अंतर जास्त असेल तितका दूर हवा. मालमोटारी, पोकलेन यांनाही कडेजवळ येऊ देऊ नये. चर १.२ मीटर किंवा अधिक खोल असल्यास दर तीस मीटरला एक शिडी हवी, आणि ती जमिनीच्या वर किमान नव्वद सेंटीमीटर यावी.

खोदकामामुळे शेजारच्या बांधकामाचाही आधार जातो. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढव्यात मुसळधार पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा बळी गेला. कारखान्यांनाही अशाच भिंती असतात आणि चर बहुधा त्यांच्या कडेनेच जातात.

जमिनीखालचे धोके वेगळेच. वीजवाहक केबल वाळूत ठेवून त्यावर विटा किंवा फरशा रचण्याची पद्धत आहे. खणताना अशा विटा लागल्या की यंत्र थांबवावे आणि पुढचे काम सावकाश, हाताने करावे. जुन्या नकाशांवर विसंबणे धोक्याचेच, त्यामुळे केबल शोधक यंत्र व चाचणी खड्डे यांना पर्याय नाही. संबंधित यंत्रणांना आधी सूचना देता यावी म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. रासायनिक वसाहतींत चरात वायू साचण्याचीही भीती असते. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास प्रमाण वाढताच जाणवेनासा होतो, त्यामुळे नाकावर भरवसा न ठेवता यंत्राने हवा तपासावी लागते.

कायद्याची चौकट आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही दहाचाच निकष आहे. चार-पाच जणांची टोळी सकाळी खणून सायंकाळी बुजविते, ते काम तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेस पडणार कसे? तेव्हा खरी भिस्त कारखान्याच्या स्वतःच्या खोदकाम परवान्यावर. वीज, पाणी व सुरक्षा विभागांच्या प्रमुखांनी जागेवर जाऊन सही केल्याशिवाय पहिले फावडे पडू नये. टेबलावर बसून केलेली सही काय कामाची?

माणूस गाडला गेलाच तर सोबती धावत आत उडी घेतात आणि दुसऱ्यांदा कड ढासळून तेही अडकतात. प्रथम सर्वांना कडेपासून दूर करावे, जवळची यंत्रे बंद करावीत, अग्निशमन दलाला कळवावे आणि बाजूंना आधार दिल्यावरच आत उतरावे. गाडलेल्या व्यक्तीजवळ जेसीबीचा दात कधीही लावू नये, तिथली माती हातांनी व घमेल्यानेच काढावी. हातपाय बराच वेळ दबलेले असतील, तर बाहेर काढलेला जखमी वरकरणी ठीक दिसला तरी स्नायूंतील घातक द्रव्ये रक्तात मिसळून हृदय व मूत्रपिंडांवर आघात होऊ शकतो. तो किती वेळ दबलेला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.