मात्स्यन्याय आणि प्रवाळटाकी

मरीन ड्राइव्हवर चर्नी रोड स्थानकाजवळ १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. तेव्हापासून गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील मुलांच्या कित्येक पिढ्यांना खाऱ्या पाण्यातील रंगीत माशांचे पहिले दर्शन तेथेच घडले. २०२० साली करोनाच्या साथीत ते बंद झाले. तेथून परतताना ‘असे मासे आपल्याही घरी असावेत’ ही इच्छा अनेकांच्या मनात उत्पन्न झाली असेल. तथापि एक गोष्ट त्या वेळी सहसा कोणाच्या ध्यानात येत नसे. तेथील मासे अनेक टाक्यांत वाटून ठेवलेले असत. घरी मात्र टाकी एकच असते. एका काचेआड कोणाला कोणाबरोबर ठेवावे, हा प्रश्न मत्स्यालयाने आपल्यापुरता भिंती घालून सोडविला होता. हौशी माणसाला तो भिंतींवाचून सोडवावा लागतो.

या प्रश्नाचा विचार करू लागताच प्रथम आठवतो तो मात्स्यन्याय. दंडशक्तीच्या अभावी बलवान दुर्बलास गिळतो हे सांगण्यासाठी आपल्या प्राचीन राजनीतिशास्त्रकारांनी माशांचा दृष्टान्त घेतला. आणि मोठा मासा लहान माशास खातो हे खोटे नाही. लायनफिश हा पिसाऱ्यासारख्या परांचा देखणा मासा आपल्या तोंडात मावेल तो शेजारी गिळतो. शिवाय त्याच्या परांचे काटे विषारी असल्याने टाकीत हात घालणाऱ्यालाही त्याच्यापासून जपावे लागते. परंतु हा धोका उघड असतो आणि नवशिक्याही तो टाळू शकतो. प्रवाळटाकीतील बहुसंख्य माशांचा नाश मात्स्यन्यायाने होत नाही. तेथे झुंजतात ते समबल आणि, त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, सदृश.

ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरील आपल्या १९६३ च्या ग्रंथात या गोष्टीचा विस्ताराने ऊहापोह केला आहे. प्रवाळभित्तीवरील भडक रंगांचे मासे परक्या जातीच्या माशाकडे बहुधा दुर्लक्ष करतात, परंतु स्वजातीय दिसताच त्याच्यावर तुटून पडतात, असे त्यांना आढळले. रंगांच्या प्रयोजनाविषयीची त्यांची उपपत्ती पुढील अभ्यासकांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. मूळ निरीक्षणाचा प्रत्यय मात्र टाकी बाळगणाऱ्या प्रत्येकाला येतो. कारणही दुर्बोध नाही. ज्याचे अन्न तेच, ज्याची कपार तीच, ज्याला मादीही त्याच जातीची हवी, तोच खरा प्रतिस्पर्धी होय. भित्तीवर हरणारा मासा पोहून दूर जातो. दोनशे लिटरच्या टाकीत त्याला जाण्यास जागा नसते आणि दोन दिवसांत तो कोपऱ्यात फाटक्या परांनिशी मरून पडलेला आढळतो. माणसांच्या व्यवहारात समानशीलांचे सख्य जुळते, असे आपण मानतो. येथे न्याय उलटा आहे: जे परस्परांहून भिन्न, तेच परस्परांचे सोबती.

मग भेद ओळखावा कसा? येथे नावांचा घोटाळा आडवा येतो. मासळीबाजारातील मराठी नावे ताटातल्या माशासाठी घडलेली आहेत. ‘काळे पापलेट’ म्हणून विकला जाणारा हलवा प्राणिशास्त्रदृष्ट्या पापलेटच्या कुळातला नाहीच. पण खाणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. शोभिवंत माशांच्या बाजारातली नावे तर बहुतांशी इंग्रजी व्यापाऱ्यांची आणि अलीकडे चित्रपटांची आहेत. महात्मा जोतिबा फुले मंडईच्या परिसरातील दुकानांत ‘नीमो’ मागितला की नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला मासा मिळेल. परंतु तो अँफिप्रिऑन ओसेलारिस की अँफिप्रिऑन पर्क्युला, हे त्या नावाने कळत नाही. पहिल्याच्या पाठीच्या पराला बहुधा ११ काटे असतात, दुसऱ्याच्या १०. एवढ्या सूक्ष्म भेदाने नवशिक्याचे काही बिघडणार नाही, कारण दोन्ही स्वभावाने जवळजवळ सारखेच. ‘रॉयल’ या विशेषणाचे तसे नाही. रॉयल ग्रामा हा कॅरिबियन समुद्रातील मासा पुढून जांभळा व मागून पिवळा असतो. पश्चिम पॅसिफिकमधील रॉयल डॉटीबॅकही पुढून जांभळा व मागून पिवळाच. पहिला आपली कपार राखून बऱ्यापैकी शांतपणे राहतो. दुसरा लहान असूनही शेजाऱ्यांना जगू देत नाही. भाषेच्या अभ्यासकाला समोच्चारित भिन्नार्थी शब्द जसे सावधपणे हाताळावे लागतात, तसाच हा प्रकार आहे. यास्तव दुकानदाराकडून लॅटिन द्विनाम विचारून घ्यावे आणि ते न सांगता आल्यास खरेदी पुढे ढकलावी.

नावाइतकेच फसवे असते ते वय. दुकानात दिसणारा मासा बहुधा पोर असतो. तीन पांढऱ्या ठिपक्यांचा काळाभोर डॉमिनो डॅमसेल नखाएवढा असताना मोठा गोंडस वाटतो. तो स्वस्त असतो, सहज मरत नाही, म्हणून प्रथम तोच गळ्यात मारला जातो. पुढे तो हाताच्या पंजाएवढा वाढतो आणि सारी टाकी आपली समजू लागतो. ‘डोरी’ या नावाने खपणारा निळा टँग सुमारे ३० सेंटिमीटर वाढतो व दिवसभर लांब पल्ल्याने पोहतो. घरगुती टाकीत त्याला ठेवणे म्हणजे टपाली घोड्याला न्हाणीघरात बांधणे होय.

अन्नाचा विचार त्यानंतरचा, पण उपेक्षणीय नव्हे. मँडरिन हा नक्षीदार मासा कोणाशी भांडत नाही, म्हणून नवशिके तो हौसेने आणतात. तो दगडांवरील सूक्ष्म कवचधारी जीव वेचून जगतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसल्याने तो सर्वांशी सलोख्याने राहून उपाशी मरतो. फुलपाखरू माशांच्या अनेक जाती प्रवाळाचेच जीव खुडून खातात, तेव्हा पुढे कधी प्रवाळ ठेवण्याचा विचार असेल तर त्यांचा नाद सोडावा.

मुंबईच्या घराने घातलेल्या मर्यादाही माशांच्या निवडीशी निगडित आहेत. दोनशे लिटर खाऱ्या पाण्याचे वजन सुमारे २०५ किलो. दगड, वाळू, काच आणि स्टँड धरता भार तीनशे किलोंच्या आसपास जातो. गिरगावातील लाकडी तुळयांच्या चाळीत एवढा भार खोलीच्या मध्यावर न टाकता भिंतीलगत, तुळयांना आडवा द्यावा आणि तत्पूर्वी जाणत्याचा सल्ला घ्यावा. चौपाटीचे पाणी जवळ असले तरी उपयोगाचे नाही. ते गढूळ, सांडपाण्याने दूषित आणि पावसाळ्यात गोडसर झालेले असते. शुद्ध केलेल्या पाण्यात तयार मीठ मिसळून दर किलोस सुमारे ३५ ग्रॅम क्षारता साधावी लागते. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश हवे, तर मे महिन्यात परळच्या खोलीत हवाच तिशीपलीकडे जाते. पाणी जितके उष्ण तितका त्यात प्राणवायू कमी. म्हणून थंड करणारे यंत्र नसेल तर माशांची संख्या आणखी घटवावी.

एवढ्या चाळणीतून काय उरते? दोनशे लिटरमध्ये पाच-सहा लहान मासे, आणि प्रत्येकाचा थर व व्यवसाय निराळा. मधल्या पाण्यात क्लाउनफिशची एक जोडी. हे मासे जन्मतः नर असतात. दोन पिल्ले एकत्र वाढविल्यास त्यांतले बलवान मादी होते आणि तंटा मिटतो. दोन मोठ्या माद्या मात्र एकत्र आणू नयेत, तसेच क्लाउनफिशची दुसरी जातही आणू नये. तळाशी एक गोबी. खाडीतल्या चिखलावर उड्या मारणाऱ्या आपल्या निवटीचा हा नातलग. त्याच्या काही जाती पिस्तूल कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात: कोळंबीची दृष्टी अधू, ती बीळ खणते, गोबी दाराशी पहारा करतो आणि कोळंबी आपली मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. मासा शेपटी हलवून इशारा देताच दोघेही आत. प्रवाळटाकीत पाहण्यासारखे याहून सुंदर काही नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी. कपारीसाठी एक रॉयल ग्रामा, आणि सावलीत स्तब्ध तरंगणारा एखादा पजामा कार्डिनल. टाकीला जाळीचे झाकण हवेच, कारण गोबी घाबरला की बाहेर उडी घेतो.

आणण्याचा क्रमही निवडीइतकाच निर्णायक ठरतो. प्रथम रिकाम्या टाकीत चार ते सहा आठवडे जीवाणू वाढू द्यावे लागतात; ते विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये व त्याचे पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यानंतर सर्वांत भित्रा मासा आधी, सर्वांत धीट शेवटी. आधी आलेला मासा मालक बनतो, म्हणून मालकी प्रथम दुर्बलाकडे जावी. प्रत्येक नवा मासा निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे पांढरे ठिपके उठले तर त्यावरील तांब्याचे औषध कोळंबी आणि प्रवाळ या दोहोंस मारक असते, ते मुख्य टाकीत घालता येत नाही.

प्रवाळभित्तीवरील पुष्कळसे शोभिवंत मासे आजही समुद्रातून धरून आणले जातात. टाकीत मेलेल्या माशाची जागा भित्तीवरचाच दुसरा मासा भरतो. क्लाउनफिश याला बऱ्याच अंशी अपवाद आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याच्या अनेक जातींचे प्रजनन बंदिस्त पाण्यात साधले असून, तशी पैदास मागून घेणे शक्य आहे. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते आपल्या समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा होय. टाकीची रचना मानवनिर्मित दगडांवरही उत्तम होते. खुद्द मुंबईच्या खडकांवर प्रवाळ वाढते, हे अनेकांना २०२० मध्येच कळले. किनारा रस्त्याच्या बांधकामासाठी हाजीअली व वरळी येथील प्रवाळवसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या, तेव्हा. ओहोटीच्या वेळी त्या खडकांवर गेल्यास हे सारे टाकीवाचून, आणि हात न लावता, पाहावयास मिळते.