डॉक्टरकीच्या पलीकडचे आरोग्यशिक्षण



पोरगं बारावीला बसलं की घरोघरी एकच ठेका. डॉक्टर कर, नाय तर इंजिनिअर कर. नंबर लागला नाही तर बी.ए., बी.एस्सी., आणि मग पुढे काय म्हणून बाप चार जणांना विचारीत फिरतो. अशा पदवीधर मुलामुलींसाठी एक शिक्षण आहे, पण त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. सार्वजनिक आरोग्य व आरोग्य धोरण, हा तो पदव्युत्तर अभ्यास. त्यात इंजेक्शन द्यायला शिकवीत नाहीत. गावात कोण आजारी पडते, का पडते, पैसा कुठे मुरतो आणि सरकारने योजना कशी आखावी, हे मोजायला आणि मांडायला शिकवतात.

मोजून काय होते, असे कुणी म्हणेल. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हा अभ्यास करून 1984 साली परतले व गडचिरोलीत 'सर्च' संस्था काढली. त्यांच्या आधी जामखेडच्या आरोळे दांपत्यानेही तिथेच शिक्षण घेतले होते. बंगांनी 39 गावांत गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची काळजी घरच्या घरी सुरू केली. पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे हजारी 62 होती, ती सुमारे 25 वर आली. हे आकडे पुढे ठेवता आले, म्हणून 2011 पासून देशभरच्या आशाताईंना हे काम शिकवले गेले. नुसता दवाखाना थाटला असता तर एवढा पल्ला गाठला नसता.

आता आपल्या फडाकडे वळू. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी शासनाच्या समितीपुढे आली. 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहातली एक! फडात पाणी नाही, आडोसा नाही, डोक्यावर मोळी, एक खाडा झाला की दंड. दुखणे अंगावर काढायचे, आणि दवाखान्यात गेले की पिशवी काढा म्हणून सल्ला. उचल मुकादमाची, गाडी वाहतूकदाराची, ऊस आपला. मग बाई कुणाची? हा प्रश्न एकट्या डॉक्टरला सुटणारा नाही. त्यात मजुरीचा करार आहे, खाजगी दवाखान्यांवरची देखरेख आहे, आणि बोलायला कडू वाटले तरी आपला कारखानाही आहे.

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यावेत, असे शासनाने ठरवले. तो पैसा फिरत्या दवाखान्यावर खर्चावा, की तपासणीवर, की कोप्यांजवळच्या पाणी-संडासावर? अंदाजाने ठरवले तर तो पाटाच्या पाण्यासारखा भलतीकडेच वाहून जाईल. हे हिशेबाने ठरवणारी माणसे ऊस ओळखणाऱ्या घरांतून यावीत, तोडणाऱ्यांच्याही अन् पिकवणाऱ्यांच्याही.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत व दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात असे शिक्षण मिळते. त्यासाठी डॉक्टरच असावे लागते असे नाही. अटी व फी बदलत असतात, तेव्हा चौकशी थेट संस्थेकडेच करावी, आणि ती पदवीच्या शेवटच्या वर्षातच करावी. निकालाची वाट पाहत बसल्यास तारीख निघून जाते.