लग्न तीन तासांचं, स्क्रीन म्हणते बारा मिनिटं!

जॉबवरचं स्टिकर चुकलं म्हणून कोणी जॉब स्क्रॅपात टाकत नाही, आधी व्हर्नियर लावतात. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर उभ्या राहणाऱ्याला हे सांगायला नको. घरी राइट केलेल्या लग्नाच्या डीव्हीडीलाही हाच न्याय लावा. स्क्रीनवरची वेळ हे स्टिकरच!

चित्र आणि आवाज असतात व्हीओबी फायलींत. एकूण तास, मिनिटं, सेकंद मात्र आयएफओ नावाच्या छोट्याशा फायलीत लिहिलेले. प्लेअर पिक्चर मोजत बसत नाही, लिहिलेलं वाचतो. तिथं चुकीचं लिहिलं गेलं, की स्क्रीनवरही चुकीचंच.

कॉम्प्युटरवर थेट व्हीओबी उघडलीत? एक व्हीओबी १ जीबीपुढे जात नाही, म्हणून भरगच्च डिस्कचे चार-पाच तुकडे असतात. एकच तुकडा लावला, की तेवढ्यातच लग्न उरकलं! अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर उघडा.

सगळ्यात खोडकर भानगड जोडकामाची. हळद, अक्षता, वरात, प्रत्येक क्लिपचं घड्याळ शून्यापासून सुरू. त्या नुसत्या एकामागे एक चिकटवल्या, तर काही प्लेअर शेवटच्या वेळेतून पहिली वजा करून मोकळे होतात. वरात बारा मिनिटांची, म्हणजे लग्नही बारा मिनिटांचं! अशा वेळी व्हिडिओ पुन्हा एन्कोड करू नका, दर्जा घसरतो. ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये घड्याळ सलग करून आयएफओ नव्यानं बनवून घ्या.

कधी वेळ खरोखरच कमी होते. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा टीव्हीच्या पाल पद्धतीत २५ नं पळवला, की १५० मिनिटांचे १४४ होतात.

कोल्हापूरला तर लांबीचा हा खेळ शंभर वर्षांपासून ठाऊक. बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’च्या काळात प्रोजेक्टर हातानं फिरवायचे, ऑपरेटरचा हात जेवढा चपळ, तेवढा मूकपट आखूड. बोलपटात गती बदलली की आवाज बिघडतो, म्हणून २४ फ्रेमचा दंडक आला. प्रभात फिल्म कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट १९३२ मध्ये केला, तोही कोल्हापुरातच.

तेव्हा वेळ चुकीची दिसली म्हणून डिस्क फेकू नका. शेवटपर्यंत चालवून बघा. मध्येच अडकली, तरच खरं नुकसान. राइट केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर वर्षांगणिक खराब होत जातो, म्हणून येत्या सुट्टीलाच अख्खं व्हिडिओ_टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा.