विमान भरलेले, तिजोरी रिकामी! एअर इंडियाच्या जमाखर्चातून व्यापाऱ्याने काय शिकावे?

वर्तमानपत्रात दरवर्षी एक बातमी छापून येते. अमुक विमान कंपनीला यंदा इतक्या हजार कोटींचा तोटा! सामान्य वाचक ती वाचून चकित होतो. दुबईला, जेद्दाहला, कुवेतला जाणारे विमान तर खच्चून भरलेले असते. सणासुदीच्या दिवसांत तिकीट दुप्पट भावाने घ्यावे लागते. मग पैसा जातो कुठे? गिऱ्हाईक रांगेत उभे असताना दुकान बुडते, हा काय मामला आहे?

हा प्रश्न बाजारात बसणाऱ्या अनुभवी व्यापाऱ्यालाही पडतो. त्याचे उत्तर शोधायचे तर एअर इंडियाचा हिशेब पाहावा. ही कंपनी जवळजवळ ६८ वर्षे सरकारच्या मालकीची होती. तिचा जमाखर्च संसदेपुढे येत असे, म्हणून त्यातील बऱ्याच गोष्टी उघड आहेत. शिवाय तिच्या तोट्याची रक्कम शेवटी आपल्या सर्वांच्या खिशातून गेलेली आहे.

न विकलेली खुर्ची

कापडाच्या धंद्यात ईदला किंवा दिवाळीला जे ठाण विकले जात नाही ते गोदामात ठेवता येते. पुढच्या मोसमात भाव थोडा उतरवून ते खपते. अगदीच जुने झाले तर कटपीस म्हणून जाते. काही ना काही हाती येते.

विमान कंपनीचा माल म्हणजे खुर्ची. विमान धावपट्टी सोडून वर गेले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. ती उद्या विकता येत नाही. उलट वैमानिकाचा पगार, विमानतळाचे भाडे, विमानाचा हप्ता हे खर्च खुर्ची भरो वा न भरो, द्यावेच लागतात. म्हणून एकाच विमानात शेजारी शेजारी बसलेल्या दोन माणसांच्या तिकिटांत दोन-तीन हजारांचा फरक असतो. एकाने दोन महिने आधी घेतले, दुसऱ्याने दोन दिवस आधी. कंपनी रोज भाव बदलत खुर्च्या खपवीत असते.

या धंद्याचे माप मीटर किंवा किलो नसून आसन-किलोमीटर आहे. एक खुर्ची एक किलोमीटर उडाली की एक आसन-किलोमीटर झाले. हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

समजा, १८० खुर्च्यांचे विमान मुंबईहून दिल्लीला निघाले. अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. म्हणजे २ लाख ७ हजार आसन-किलोमीटर तयार झाले. एका आसन-किलोमीटरला कंपनीचा सर्व खर्च ५ रुपये धरला तर त्या फेरीचा खर्च १० लाख ३५ हजार रुपये. आता तिकिटाचा सरासरी भाव ६,५०० रुपये मिळाला आणि १५० खुर्च्या विकल्या गेल्या, तर जमा ९ लाख ७५ हजार. विमान ८३ टक्के भरले, तरी ६० हजारांचा तोटा! याच भावात १६० खुर्च्या विकल्या तर ५ हजारांचा नफा. किंवा गिऱ्हाईक १५० च राहिले पण सरासरी भाव ७,००० मिळाला, तर १५ हजारांचा नफा.

म्हणजे दहा प्रवासी किंवा तिकिटामागे पाचशे रुपये, एवढ्यावर नफा-तोट्याचा फैसला होतो. विमान भरलेले दिसते एवढ्यावरून काहीच कळत नाही. किती भावाने भरले, हे पाहावे लागते.

खर्चाची बाजू

खर्चात पहिला क्रमांक इंधनाचा. भारतातील कंपन्यांच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के असतो. कच्च्या तेलाचा भाव डॉलरमध्ये. विमानाचे भाडे, सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती हेही बहुतेक डॉलरमध्ये. देशांतर्गत तिकीट मात्र रुपयांत विकले जाते. २००८ च्या आरंभी एक डॉलर ४० रुपयांच्या आत मिळत होता. २०२२ मध्ये तो ८० च्या वर गेला. धंदा जसाच्या तसा ठेवूनही हा बोजा दुप्पट झाला.

त्यावर राज्यांचा कर. विमानाचे इंधन जीएसटीच्या बाहेर असल्याने प्रत्येक राज्य आपापला कर लावते. महाराष्ट्रात तो २५ टक्के होता. २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो १८ टक्क्यांवर आणला गेला.

दुसरी बाब विमान किती तास उडते याची. यंत्रमागवाल्यांना हे सांगायला नको. माग बंद असला तरी हप्ता बंद होत नाही. विमानाचेही तसेच आहे. जमिनीवर उभे असलेले विमान फक्त खाते, कमावत नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगोने बराच काळ प्रामुख्याने एकाच जातीची विमाने ठेवली. त्यामुळे वैमानिक, मेकॅनिक आणि सुटे भाग यांची अदलाबदल सोपी झाली. एअर इंडियाकडे बोईंग आणि एअरबस, लहान आणि मोठी, जुनी आणि नवी, अशी अनेक प्रकारची विमाने होती. प्रत्येकाचा साठा वेगळा, प्रशिक्षण वेगळे.

चांगले दिवस

ही कंपनी नेहमीच तोट्याची नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल घेऊन विमान आणले, तेथून या धंद्याचा आरंभ झाला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनचे उड्डाण सुरू झाले. १९५३ मध्ये सरकारने हा धंदा ताब्यात घेतला, पण टाटा १९७८ पर्यंत अध्यक्ष राहिले. त्या काळात जगभर या कंपनीच्या सेवेचे नाव होते.

आखातात रोजगार निघाल्यावर कोकणातील आणि केरळातील हजारो घरांचा या कंपनीशी संबंध आला. १९९० मध्ये इराकने कुवेतवर कब्जा केला तेव्हा एअर इंडियाने अम्मानहून ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून अधिक भारतीयांना घरी आणले. त्या विमानांतून परतलेली माणसे आजही आपल्या गावांत भेटतील. नफ्याच्या खात्यात न बसणारे असे काम राष्ट्रीय कंपनीच करते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

याच संदर्भात हज सबसिडीची गोष्ट सांगितली पाहिजे. ही रक्कम यात्रेकरूच्या हातात कधी पडत नव्हती. विमानभाड्यातील फरक म्हणून ती विमान कंपनीच्या खात्यात जमा होत होती, आणि हा धंदा दीर्घकाळ मुख्यतः एअर इंडियाकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. ज्यांच्या नावाने खर्च पडला ते वेगळे, आणि ज्यांच्या वहीत जमा झाला ते वेगळे.

कर्जाचा डोंगर

खरी घसरण कर्जाने झाली. २००५-०६ च्या सुमारास एअर इंडियाने ६८ आणि इंडियन एअरलाइन्सने ४३, अशी एकूण १११ विमाने घेण्याचा निर्णय झाला. मालकाचे भांडवल थोडे आणि कर्ज फार, अशी ही खरेदी होती. पाठोपाठ २००७ मध्ये या दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. दोन पगारपद्धती, दोन बढतीच्या याद्या आणि दोन प्रकारचे कर्मचारी एका छपराखाली आले. २०१२ मध्ये वैमानिकांचा एक संप तर ५८ दिवस चालला. नेमक्या याच काळात स्वस्त भाड्याच्या खासगी कंपन्या आणि आखातातील मोठ्या कंपन्या गिऱ्हाईक खेचत होत्या.

२००७-०८ मध्ये तोटा सुमारे २,२२६ कोटी होता. २०११-१२ मध्ये तो सुमारे ७,५६० कोटींवर गेला. २०१२ मध्ये सरकारने ३०,२३१ कोटींचे भांडवल हप्त्याहप्त्याने देण्याची योजना मंजूर केली.

आता एक वर्ष बारकाईने पाहू. २०१५-१६ मध्ये कंपनीने जाहीर केले की चालू कामकाजात १०५ कोटींचा नफा झाला. मोठी बातमी झाली. पण त्याच वर्षी निव्वळ तोटा सुमारे ३,८३७ कोटींचा होता. दोन्ही आकडे एकाच ताळेबंदातले! कामकाजाचा नफा म्हणजे तिकिटे विकून विमाने चालविण्याचा खर्च वजा जाता उरलेले. त्यात कर्जाचे व्याज धरलेले नसते. ५० हजार कोटींच्या कर्जावर ८ टक्के धरले तरी वर्षाचे व्याज ४ हजार कोटी होते, म्हणजे दिवसाला सुमारे ११ कोटी. गल्ल्यावर शंभर कमावले आणि सावकार दारात चार हजारांची वही घेऊन उभा, अशी ही स्थिती.

पुढे महालेखापालांनी तपासणी केली, तेव्हा १०५ कोटींचा तो नफाही टिकला नाही. त्यांच्या हिशेबाने त्या वर्षी कामकाजातही ३२१ कोटींचा तोटा होता.

२०१८-१९ मध्ये निव्वळ तोटा ८,५५६ कोटींवर गेला. रोजचे २३ कोटी!

बिल कोणी भरले?

२०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा विकायला काढला. एकही गिऱ्हाईक आले नाही. कारण उघड होते. दुकानाबरोबर उधारीचे मोठे ओझे घ्यावे लागत होते. मग अटी बदलल्या आणि ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटा समूहाची १८,००० कोटींची बोली मान्य झाली. त्यात रोख फक्त २,७०० कोटी होते. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे टाटांनी आपल्या अंगावर घेतलेले कर्ज. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी त्यांच्या ताब्यात गेली.

पण एकूण कर्ज ६१,५६२ कोटी होते. उरलेले ४६,२६२ कोटी कुठे गेले? ते सरकारने काढलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या नावावर गेले, म्हणजे सरकारच्याच डोक्यावर राहिले. त्या कंपनीला १४,७१८ कोटींच्या जमिनी आणि इमारती दिल्या गेल्या. नरिमन पॉइंटची प्रसिद्ध इमारत त्यांतलीच. ती महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेण्याचे ठरविले. या मालमत्ता आणि टाटांची रोख रक्कम वजा केली तरी २८,८४४ कोटी उरतात. १४० कोटी लोकसंख्येने भागल्यास माणशी २०६ रुपये, पाच जणांच्या घराला हजाराहून अधिक. शिवाय २००९-१० पासून सरकारने रोख मदत म्हणून दिलेले ५४,५८४ कोटी वेगळेच. ज्याने आयुष्यात विमानाची पायरी चढली नाही, त्या मागवाल्याने आणि शेतमजुरानेही आपला वाटा भरला आहे.

विक्रीनंतर

मालक बदलला म्हणून हिशेबाचे नियम बदलत नाहीत. २०२२-२३ मध्ये एअर इंडियाचा तोटा सुमारे ११,३८८ कोटी होता. २०२३-२४ मध्ये तो ४,४४४ कोटींवर उतरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने ४७० नव्या विमानांची मागणी जाहीर केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा कंपनी तिच्यात विलीन झाली. २०२४-२५ साठी संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे करपूर्व तोटा एअर इंडियाचा सुमारे ३,८९० कोटी आणि तिच्या एक्सप्रेस शाखेचा ५,६७८ कोटी होता. त्याच वर्षी इंडिगोचा करपूर्व नफा ७,५८७ कोटी होता. आकाश तेच, तेल तेच, डॉलर तोच.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली आणि युरोप-अमेरिकेच्या फेऱ्यांना लांबचा वळसा पडू लागला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला लंडनचे विमान कोसळून २६० माणसे दगावली. या नुकसानीचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. मात्र एक गोष्ट खरी की या धंद्यात सर्वांत मोठे भांडवल विश्वास हेच आहे.

तीन प्रश्न

यापुढे विमान कंपनीच्या नफ्या-तोट्याची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. नफा व्याजाच्या आधीचा की नंतरचा? विमाने किती भरली यापेक्षा सरासरी कोणत्या भावाने भरली? आणि कर्ज कमी झाले की केवळ एका वहीतून दुसऱ्या वहीत गेले?

हेच प्रश्न आपापल्या पेढीलाही लावून पाहावेत. आपल्यातही असे लोक आहेत की एक चांगला मोसम गेला की कर्ज काढून दुप्पट माग बसवितात, आणि उलाढाल वाढली म्हणून पेढे वाटतात. उलाढाल वाढते, व्याज त्याहून वेगाने वाढते आणि तिसऱ्या वर्षी माग भंगारच्या भावाने जातात. एअर इंडियाला सरकार होते, म्हणून ती इतकी वर्षे तगली. आपल्या पेढीचे उरलेले कर्ज दुसऱ्या वहीत घालायला कोणी येणार नाही. तेव्हा नवे यंत्र घेण्यापूर्वी जुन्याचे व्याज कोठून फिटणार, हा हिशेब आधी कागदावर मांडावा.